शिंतोडे उडवायचे कसे: कॅनव्हासवर आणि भयपटात

शिंतोडे कुणालाही उडवता येतात. ब्रश रंगात बुडवून झटकला की झालं. खरी अडचण पुढे येते. कागदावरचे डाग बघणाऱ्याला चित्र वाटतात की सांडलवंड? पडद्यावरचा लाल पदार्थ रक्त वाटतो की सरबत? दोन्ही ठिकाणी निकाल एकाच गोष्टीवर लागतो. पडलेला प्रत्येक डाग आपण कुठून आलो, किती जोरात आलो आणि कुठल्या बाजूला निघालो होतो हे सांगत असतो. बघणाऱ्याला त्यासाठी शास्त्र शिकावं लागत नाही, डोळा आपोआप वाचतो. डागांचं सांगणं एकमेकांशी जुळलं की भिंतीवरच्या चार शिंतोड्यांनीही अंगावर काटा येतो. जुळलं नाही तर बादलीभर लाल पाणी ओतूनही प्रेक्षक हसतो.

म्हणून इथे चित्रकला आणि भयपट असे दोन वेगळे धडे नाहीत. आधी थेंब, मग कॅनव्हास, मग खोटं रक्त, याच क्रमाने जा. भयपटासाठी आलेल्यांनी कॅनव्हासचा भाग गाळू नये, कारण हात तिथेच तयार होतो.

आधी थेंब ओळखा

जाड कार्डशीटचे काही तुकडे, एक ड्रॉपर आणि पाण्यात कालवलेला कुठलाही गडद पोस्टर कलर घ्या. खाली जुने कागद पसरा. पहिला तुकडा जमिनीवर सपाट ठेवून साधारण हातभर उंचीवरून एक थेंब सोडा. डाग जवळपास गोल पडेल. आता दुसरा तुकडा पुठ्ठ्याला टेकवून तिरपा उभा करा, जमिनीशी ६० अंशांचा कोन होईल असा, आणि वरून पुन्हा थेंब सोडा. हा डाग लांबट पडेल, रुंदीच्या सुमारे दुप्पट लांबीचा. गुन्ह्याच्या जागी रक्ताचे डाग तपासणारे तज्ज्ञ हाच हिशेब उलट्या बाजूने करतात. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे थेंब ज्या कोनात आपटला त्या कोनाचा साइन. ६० अंशांत झुकलेल्या कार्डावर सरळ खाली येणारा थेंब ३० अंशांत आपटतो आणि ३० चा साइन आहे अर्धा. गणित नको असेल तर एवढंच लक्षात ठेवा: डाग जितका लांबट, तितका तो तिरपा आला.

लांबट डागाला एका टोकाला शेपूट असतं. थेंब ज्या दिशेने चालला होता, त्या दिशेला ते निघतं. नवशिक्यांचा घोळ इथेच होतो. शेपूट उगमाकडे असेल असं वाटतं, प्रत्यक्षात ते उगमापासून दूर जातं.

उंची वाढवली की डाग मोठा होतो, पण एका मर्यादेपर्यंतच. हवेच्या विरोधामुळे थेंबाचा वेग पुढे वाढत नाही, मग डागही वाढत नाही. कडा कशा येतील ते उंचीपेक्षा पृष्ठभागावर जास्त ठरतं. काच किंवा चकचकीत टाइल असेल तर कड स्वच्छ येते. खरबरीत कागद, कच्चं लाकूड किंवा गिलावा असेल तर कडेला काटे फुटतात. हे सगळं एकदा स्वतःच्या हाताने करून बघाच. शिवाय जोर आणि आकार यांचं नातं उलटं आहे. द्रवाला जितका जोर लावाल तितके थेंब बारीक. हळू गळणाऱ्या काठीचे थेंब टपोरे, तर टूथब्रशवर अंगठा ओढल्यावर उडते ती धूळ. पुढे सगळं याच माहितीवर चालणार आहे.

रंगाचा पातळपणा

शिंतोड्यांच्या चित्रात रंगछटेपेक्षा पातळपणा महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे. ट्यूबमधला ॲक्रिलिक रंग थेट झटकला तर गोळे पडतात. त्यात भसाभस पाणी ओतलं तर रंग उडतो खरा, पण वाळल्यावर फिका दिसतो आणि पावडरीसारखा सुटतो, कारण रंग धरून ठेवणारा चिकट भाग पातळ झालेला असतो. रंगाइतकंच पाणी ही वरची मर्यादा समजा. त्याहून पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम (रंग नसलेला तोच चिकट भाग) मिसळा किंवा मुळातच पातळ मिळणारा फ्लुइड ॲक्रिलिक घ्या.

काठी रंगात बुडवून वर उचला. धार न तुटता काही क्षण पडत राहिली तर तो रंग रेघा ओढायला योग्य. धार लगेच थेंबांत तुटली तर तो शिंतोड्यांसाठी. काठीला नुसताच लोंबत राहिला तर आणखी पातळ करा.

घट्ट धार उंचावरून सावकाश सोडली की ती खाली पोचल्यावर मधासारखी वेटोळी घालू लागते. रंग ठिबकवून चित्रं काढणारा अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक याच्या लांब, वाहत्या रेघांमध्ये अशी वेटोळी फारशी दिसत नाहीत. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो चित्र काढत असतानाच्या जुन्या चित्रफिती तपासल्या, प्रयोगशाळेत तशाच धारा सोडून पाहिल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला: हाताचा वेग आणि उंची तो अशी राखायचा की धार वेटोळं घालणार नाही. ज्याला लोक योगायोग म्हणत होते, त्यात हाताचा सराव होता. तुम्हाला वेटोळी आवडत असतील तर हात हळू आणि वर ठेवा. सरळ रेघ हवी असेल तर हात खाली आणा आणि चालता ठेवा.

कॅनव्हास जमिनीवर

इझल, म्हणजे कॅनव्हास उभा ठेवायची घोडी, बाजूला ठेवा. उभ्या कॅनव्हासवर प्रत्येक थेंब ओघळणार आणि पाच मिनिटांत चित्रभर उभ्या रेघाच दिसणार. पोलॉकने १९४७ ते १९५० या काळात त्याची प्रसिद्ध चित्रं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज गावातल्या एका कोठारात, कॅनव्हास जमिनीवर अंथरून केली. घरं रंगवायला वापरतात तो एनॅमल रंग, कडक झालेले ब्रश, काठ्या, पिचकारी ही त्याची हत्यारं. चारही बाजूंनी फिरता येतं हा जमिनीचा मोठा फायदा. त्या कोठाराच्या जमिनीवर त्याच्या रंगांचे शिंतोडे अजून आहेत आणि पाहायला येणाऱ्यांना पायात मऊ सपाता घालाव्या लागतात.

या पद्धतीचा मान एकट्या पोलॉकला देऊ नका. मेक्सिकन चित्रकार सिकेरोस याने १९३६ मध्ये न्यूयॉर्कला प्रायोगिक कार्यशाळा चालवली. तिथे रंग ओतणं, उडवणं चालायचं आणि तरुण पोलॉक तिथे होता. जॅनेट सोबेल पोलॉकच्या आधीपासून रंग ठिबकवत होती. जपानमध्ये १९५४ मध्ये स्थापन झालेल्या गुताई गटातला शिरागा पायांनी रंगवायचा आणि शिमामोतो रंगाने भरलेल्या बाटल्या कॅनव्हासवर फोडायचा. बाटल्या फोडणं तुम्ही करू नका. फोटोत छान दिसतं, पण काचा नंतर आठवडाभर सापडत राहतात.

पहिल्या चित्राला दोनच रंग आणि एक पार्श्वभूमी पुरे. कॅनव्हासवर किंवा जाड कागदावर आधी एका शांत रंगाचा सपाट थर देऊन पूर्ण वाळू द्या. मग उगम ठरवा, म्हणजे सगळे शिंतोडे जिथून फुटल्यासारखे दिसायला हवेत ती जागा. ती कॅनव्हासच्या बाहेर असली तरी चालते, माझ्या मते बाहेरच चांगली. तिथे खडूने खूण करा, पहिले सगळे झटके त्या खुणेच्या बाजूने उभं राहून मारा. झटका मनगटातून नको, खांद्यातून हवा. भरलेला ब्रश हातातल्या दुसऱ्या काठीवर आपटला तर थेंब जास्त ताब्यात राहतात. ब्रश हवेत झटकला तर मागच्या भिंतीलाही रंग लागतो.

पहिला थर वाळल्यावर दुसरा रंग दुसऱ्या बाजूने. ओल्यावर ओला टाकलात तर रंग एकमेकांत शिरतात. कधीकधी तेच हवं असतं, पण पहिल्या वेळी त्यातून बहुधा करडा चिखल होतो. मोठे थेंब आधी, बारीक धूळ शेवटी. धूळ टूथब्रशने उडवा आणि जपून उडवा, कारण ती सगळीकडे बसली की मोठ्या डागांची धार मरते. साचलेले जाड डाग सपाट ठेवूनच वाळवा, एक दिवस तरी कॅनव्हास हलवू नका.

रिकामी जागा

शिंतोड्यांमध्ये एक हात किंवा एक डबा ठेवा, त्यावर रंग उडवा आणि उचला. मागे राहतो तो कोरा आकार. रक्ताच्या डागांचे तपासनीसही अशा कोऱ्या जागा शोधतात, कारण तिथे काहीतरी होतं आणि नंतर ते हलवलं गेलं असा त्याचा अर्थ होतो. चित्रकाराला हेच काम कापलेला कागद, चिकटपट्टी किंवा मास्किंग फ्लुइड (वाळल्यावर सोलून काढता येणारा द्रव) लावून करता येतं. भयपटवाल्याला तर याच्याइतकी स्वस्त आणि परिणामकारक युक्ती दुसरी नाही. रक्ताने भरलेल्या भिंतीवर माणसाच्या उंचीची एक कोरी आकृती दिसली की प्रेताची गरज उरत नाही.

जपानी चित्रकार सेश्शूचं १४९५ मधलं शिंतडलेल्या शाईचं निसर्गचित्र यासाठी जरूर पाहा. शाईचे फराटे आणि डाग मोजकेच, बहुतेक कागद कोरा, आणि खाली चारदोन नेमक्या रेघांत एक होडी. त्या रेघांमुळे वरच्या डागांचे डोंगर होतात. नुसत्या शिंतोड्यांचं चित्र पोकळ वाटू लागलं तर आणखी शिंतोडे टाकू नका. एक ठाम रेघ टाकून बघा.

रंगाचं रक्त होतं तेव्हा

सतराव्या शतकातली इटालियन चित्रकार आर्तेमिसिया जेंतिलेस्की हिने बायबलकथेतली ज्युडिथ ही होलोफर्नेस या सेनापतीचा गळा चिरते, हा प्रसंग दोनदा रंगवला. नेपल्समधल्या आधीच्या चित्रात रक्त गादीवरून खाली ओघळतं. फ्लोरेन्समधल्या, १६२० च्या सुमाराच्या चित्रात त्याच जखमेतून चिळकांड्या कमान करून उडतात आणि ज्युडिथच्या अंगावर पडतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात खून होऊन गेल्यासारखा वाटतो, दुसऱ्यात तो आत्ता चाललाय. फरक रक्ताच्या प्रमाणात नाही, त्याच्या वाटेत आहे.

रंगमंचावर हे काम पॅरिसच्या ग्राँ गिन्योल थिएटरने १८९७ ते १९६२ पर्यंत केलं. जागा लहान, एका जुन्या चॅपेलमध्ये, त्यामुळे प्रेक्षक अगदी जवळ आणि युक्ती उघडी पडायची भीती कायम. त्यांचं रक्त कारमाइन रंग आणि ग्लिसरीन यांचं असायचं. शिवाय एकाच संध्याकाळी भयनाट्याच्या पुढेमागे विनोदी नाटुकली असत. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. प्रेक्षकाला मध्ये हसू दिलं नाही तर तो चुकीच्या जागी हसतो.

खोटं रक्त

कृष्णधवल चित्रीकरणात रंग खरा लागत नाही, गडदपणा लागतो. हिचकॉकच्या १९६० मधल्या ‘सायको’तल्या शॉवरच्या प्रसंगात चॉकलेट सिरप वाहतं. रंगीत चित्रीकरणात मात्र छटा पकडावी लागते आणि तिथेच हौशी मंडळी फसतात. खाण्याचा लाल रंग एकटा वापरला तर जाड थरात लाल, पण पसरल्यावर गुलाबी दिसतो.

एक वाटी कॉर्न सिरप किंवा लिक्विड ग्लुकोज घ्या. त्यात एक ते दोन चमचे पाणी, मग लाल खाद्यरंग थोडाथोडा घाला. रंग पुरेसा गडद झाला की निळ्या खाद्यरंगाचा एकच थेंब, आणि चिमूटभर कोको पावडर आधी पाण्यात कालवून. कोकोमुळे रक्त अपारदर्शक होतं. हे फार महत्त्वाचं, कारण नुसतं सिरप काचेसारखं आरपार दिसतं. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब पसरवून बघा. कडेला गुलाबी झाक आली तर अजून थोडा कोको.

हे मूळ रक्त. उडवायचं असेल तेव्हा त्यात पाणी वाढवा, आधीच्या काठीच्या चाचणीत धार लगेच तुटेल इतकं. जखमेतून हळू ओघळायचं असेल तर पातळ करू नका. जमिनीवर थारोळं दाखवायचं असेल तर थोडा कॉर्नफ्लोर पाण्यात शिजवून, गार करून मिसळा. तेलकट त्वचेवर किंवा काचेवर रक्त थेंबाथेंबात गोळा होत असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोनतीन थेंब टाका, मग ते पसरतं आणि कपड्यांतूनही जरा सहज निघतं. मात्र हे मिश्रण तोंडाजवळ किंवा डोळ्यांजवळ नको. तोंडातून रक्त यायचं असेल तर त्याची वेगळी बाटली ठेवा, ज्यात फक्त खाण्याचे पदार्थ असतील, आणि बाटलीवर ठळक अक्षरांत तसं लिहा.

खरं रक्त काही तासांत तपकिरी, मग काळपट होतं. म्हणून प्रसंग घटनेनंतरचा असेल तर लालभडक रक्त खोटंच वाटणार. सुकलेल्या रक्तासाठी सिरपच्या भानगडीत पडू नका, ते चिकट आणि ओलंच दिसत राहतं. तपकिरी आणि लाल ॲक्रिलिक रंग मिसळून वस्तूंवर लावा. त्वचेवर मात्र त्वचेसाठी बनवलेला मेकअपच.

प्रसंगाची मांडणी

रक्त उडवण्याआधी कागदावर एक साधा नकाशा काढा. जखम कुठे, हत्यार कुठून कुठे गेलं, भिंत किती दूर. मग थेंबांच्या शेपटांची दिशा आपोआप ठरते. चाकू वर उचलताना त्यावरून उडालेले थेंब भिंतीवर, कधी छतावरही, एका रांगेत पडतात. जोरात फटका बसला तर उगमाभोवती बारीक शिंतोडे पसरतात. धमनी कापली तर भिंतीवर लाटेसारखी वरखाली होणारी रेघ उमटते, कारण हृदयाच्या ठोक्याबरोबर दाब बदलतो. एका प्रसंगात यातला एकच प्रकार निवडा. तिन्ही घातले की गोंधळ दिसतो.

उडवण्याची साधनं साधीच चांगली. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून कागदी कपातून फेकलेलं रक्त बहुतेक वेळा महागड्या यंत्रापेक्षा बरं दिसतं. कपड्याखालून न्यायचं असेल तर सुई नसलेली मोठी सिरिंज आणि पातळ प्लास्टिकची नळी. नळीत हवेचे बुडबुडे राहिले तर रक्त थुंकल्यासारखं येतं, म्हणून आधी नळी पूर्ण भरून घ्या. बागेला पाणी मारायचा हातपंप मोठ्या फवाऱ्याला चालतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९६२ मधल्या ‘सांजुरो’ या चित्रपटाच्या अखेरच्या द्वंद्वात दाबाखालून उसळलेला रक्ताचा फवारा प्रसिद्ध आहे. तो परिणाम साधतो कारण त्याआधी दोघे बराच वेळ नुसते उभे असतात. आधीची ही शांतता नसेल तर फवारा वाया जातो. कॉम्प्रेस्ड हवेची टाकी किंवा स्क्विब (गोळी लागल्यासारखं दाखवणारा छोटा स्फोटक) यांना हात लावू नका, ते परवानाधारक व्यावसायिकांचं काम.

चित्रीकरणाचे दिवे लावून, त्याच कॅमेऱ्यावर रक्ताची चाचणी आधी घ्या. पिवळ्या उजेडात आणि पांढऱ्या एलईडीखाली तेच रक्त अगदी वेगळं दिसतं. रक्त लागणारे सगळे शॉट्स शेवटी ठेवा. एकसारखे दोन किंवा तीन शर्ट असतील तरच रिटेक शक्य होतो. पहिल्या फवाऱ्यानंतर लगेच चेहरा, कपडे आणि भिंत यांचे फोटो काढून ठेवा, नाहीतर पुढच्या शॉटमध्ये गालावरचा डाग दुसऱ्या गालावर जातो आणि प्रेक्षकाच्या ते नेमकं लक्षात येतं. किती रक्त घालायचं याला एकच उत्तर नाही. थोडं असेल तर भीती वाटते, बरंच असेल तर किळस येते, आणि त्याच्याही पुढे नेलं की विनोद होतो. विनोद हवा असेल तर निःसंकोच बादल्या ओता, पण ते आधी ठरवून.

सावधगिरी आणि साफसफाई

रंग असो की रक्त, उडवणाऱ्याने चष्मा लावावा. समोरच्या कलाकाराला डोळे कधी मिटायचे ते मोजून सांगा, आणि खाद्यरंग त्याच्या त्वचेला चालतो का ते आदल्या दिवशी मनगटाच्या आत लावून बघा. एनॅमल आणि थिनरचं काम दारंखिडक्या उघड्या ठेवून करा, आणि असा रंग स्ट्रॉने तोंडाने फुंकू नका. सिरप सांडलेली फरशी भयंकर घसरते, म्हणून पळापळीचा शॉट आधी आणि रक्त नंतर. उघड्यावर चित्रीकरण असेल तर परवानगी घ्या आणि आजूबाजूच्यांना आधी सांगा. रक्ताने माखलेला माणूस हातात खोटा चाकू घेऊन दारात उभा राहिला तर शेजारी पोलिसांना बोलावतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

भिंत आणि जमीन आधीच प्लास्टिकने झाका. डिस्टेंपर लावलेली भिंत खाद्यरंग पिऊन टाकते आणि तो डाग पुन्हा रंग दिल्याशिवाय जात नाही. कपडे सुकायच्या आत थंड पाण्यात टाका. त्वचेवरची लालसर झाक साबणाने गेली नाही तर शेव्हिंग फोम चोळून बघा. सिरपचे राहिलेले थेंब कोमट पाण्याने त्याच रात्री पुसा, सकाळपर्यंत मुंग्या हजर होतात. उरलेलं रक्त झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर थोडे दिवस टिकतं, आंबूस वास आला की फेका. उरलेला ॲक्रिलिक रंग मोरीत ओतू नका. तो जुन्या ट्रेमध्ये वाळू द्या आणि सुटलेला पापुद्रा कचऱ्यात टाका. ब्रश मात्र लगेच धुवा, कारण एकदा वाळलेला ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही.